व्हर्जिनियात वसाहत आणि सुरतेत वखार : व्यापारी तेच असताना वाटा वेगळ्या का झाल्या?

प्रश्न – दक्षिणकसबा

नमस्कार. मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा पाठ घेताना मी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या होत्या. 31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली आणि 10 एप्रिल 1606 रोजी जेम्स राजाने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ हाच 1609 ते 1619 या काळात व्हर्जिनिया कंपनीचाही प्रमुख, म्हणजे त्या वेळच्या भाषेत खजिनदार होता, हेही मी सांगितले. त्यावर ती मुलगी म्हणाली, “बाई, माणसे तीच, पैसाही त्याच शहरातला, सनद राजाचीच, मग त्यांनी तिकडे गावे वसवली आणि आपल्याकडे नुसत्या वखारी का घातल्या?”

मी त्या वेळी असे उत्तर दिले, की हिंदुस्थानात दाट वस्ती आणि बलाढ्य राज्ये होती, तर अमेरिकेत मोकळी जमीन होती. मुलांच्या हातातल्या एका मार्गदर्शिकेतही ‘ओसाड भूमीवर इंग्रजांनी वस्ती केली’ असेच वाक्य आहे. घरी आल्यावर मात्र हे उत्तर मलाच खटकू लागले. जमीन खरोखरच ओसाड होती का? आणि जर ती इतकी सहज मिळण्यासारखी होती, तर सुरुवातीच्या वसाहती एकामागून एक का मोडल्या, आणि मोडता मोडता पुढे तगल्या कशा? या विषयाचे ज्यांचे वाचन आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मला सोमवारी पुन्हा त्याच वर्गासमोर उभे राहायचे आहे.

उत्तर – विजापूररोड

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे. त्याच्या शेवटच्या भागापासून, म्हणजे मोडलेल्या वसाहतींपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडच्या पुस्तकांत तोच भाग एका ओळीत उरकला जातो.

इंग्रजांचा समुद्रापलीकडे वस्ती करण्याचा उद्योग कंपन्यांच्या आधी, एकेकट्या सरदारांच्या हिमतीवर सुरू झाला. हंफ्री गिल्बर्टला 1578 मध्ये राणीची परवानगी मिळाली. 1583 मध्ये त्याने न्यूफाउंडलंडवर इंग्लंडचा हक्क जाहीर केला आणि परतीच्या वाटेवर तो जहाजासह बुडाला. त्याचा सावत्र भाऊ वॉल्टर रॅले याने 1585 मध्ये आजच्या उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील रोअनोक बेटावर शंभराहून थोडी अधिक माणसे पाठवली; ती वर्षभरातच इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या जहाजांतून परत आली. 1587 मध्ये जॉन व्हाइटच्या नेतृत्वाखाली बायकामुलांसह सुमारे 115 माणसे पुन्हा तेथेच उतरली. व्हाइट रसद आणायला मायदेशी गेला आणि स्पेनच्या आरमाराशी युद्ध जुंपल्यामुळे तीन वर्षे अडकला. 1590 मध्ये तो परतला तेव्हा वस्तीत कोणीही नव्हते. फक्त कुंपणाच्या खांबावर ‘क्रोएटोअन’ हा शब्द कोरलेला होता. त्या माणसांचे पुढे काय झाले हे आजही सिद्ध झालेले नाही. यातून लंडनच्या व्यापाऱ्यांनी एवढेच ताडले, की हा खर्च एका माणसाच्या खिशाला झेपणारा नाही आणि तो भागभांडवलातूनच व्हायला हवा. व्हर्जिनिया कंपनी त्यातून निघाली. 1609 च्या तिच्या दुसऱ्या सनदेत लंडनचे 56 व्यावसायिक संघ आणि साडेसहाशेहून अधिक व्यक्ती भागीदार म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि एका भागाची किंमत साडेबारा पौंड होती.

मे 1607 मध्ये व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथे 104 पुरुष आणि मुलगे उतरले. येथे एक बाब मुलांना आवर्जून सांगावी : ही माणसे शेती करण्यासाठी गेली नव्हती. सोने सापडेल, पॅसिफिककडे जाणारा जलमार्ग सापडेल, नाहीतर डांबर, लाकूड आणि काच तरी पाठवता येईल, असा कंपनीचा हिशेब होता. त्यासाठी 1608 मध्ये जर्मन आणि पोलिश कारागीर नेऊन काचेची भट्टीही घातली गेली. अन्न आसपासच्या लोकांकडून मिळेल असे गृहीत धरलेले होते. म्हणजे मूळ कल्पनेत जेम्सटाउनही वखारीचाच एक प्रकार होता. जानेवारी 1608 पर्यंत त्या 104 पैकी 38 जण उरले.

असे का झाले, हे सोलापूरच्या मुलांना समजावणे कठीण जाऊ नये. जेम्स नदीत भरतीचे पाणी शिरते आणि उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की ते मचूळ होते. वस्ती नेमकी अशा जागी, दलदलीच्या काठी, स्पॅनिश जहाजांपासून बचाव व्हावा म्हणून निवडलेली होती. माणसे तेच पाणी पीत होती आणि हगवणीने व तापाने मरत होती. त्यात दुष्काळ पडला. त्या भागातील जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसले, की 1606 ते 1612 ही सलग सात वर्षे तेथील 770 वर्षांतील सर्वांत कोरड्या सात वर्षांच्या काळात मोडतात, आणि रोअनोकची वस्ती ज्या 1587 मध्ये झाली, त्या सुमारासही तेथे अतिशय तीव्र अवर्षण होते. दोन्ही वेळा इंग्रज नेमके दुष्काळात उतरले. तेथील पॉव्हॅटन संघातील सुमारे तीस जमाती मका पिकवत होत्या, पण त्यांच्याच कणगीत जेमतेम बेगमी असताना दाराशी बंदूकधारी पाहुणे उभे राहून धान्य मागू लागले. दुष्काळात कोठार उघडणे म्हणजे काय, हे ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरी सांगितली जाते तेथे वेगळे सांगायला नको. वाहुनसेनाकॉ या पॉव्हॅटन प्रमुखाने सुरुवातीला धान्य दिले, पुढे त्याच्या बदल्यात तांबे आणि हत्यारे मागितली, आणि इंग्रज गावे जाळून धान्य नेऊ लागले तेव्हा त्याने देणे बंद करून किल्ल्याला वेढा घातला. 1609-10 च्या हिवाळ्यात जेम्सटाउनमधील काहीशे माणसांपैकी सुमारे 60 जगली. त्या हिवाळ्यात मृत माणसांचे मांस खाल्ले गेल्याचे समकालीन उल्लेख होते. 2012 मध्ये उत्खननात सापडलेल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीच्या कवटीवरील खुणांनी त्याला पुष्टी मिळाली.

जून 1610 मध्ये उरलेली माणसे वस्ती सोडून जहाजांत बसून निघालीही होती. नदीच्या मुखाजवळ नवा गव्हर्नर लॉर्ड डे ला वॉर याची जहाजे समोरून आली आणि त्यांना माघारी फिरावे लागले. ती भेट झाली नसती तर जेम्सटाउनचे नाव आज आपण रोअनोकसारखेच घेतले असते, असे माझे मत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूबद्दल नंतर लिहितो. येथपर्यंतचे लिखाणच लांबले आहे.

उत्तर – मार्केटयार्ड

वरील उत्तरात वस्ती मोडता मोडता वाचली येथपर्यंत आले आहे. ती तगली कशी, ते मी लिहितो. माझा व्यवसाय शेतमालाच्या अडतीचा आहे, त्यामुळे या इतिहासाकडे मी त्या नजरेने पाहतो. ती नजर येथे उपयोगी पडेल असे वाटते.

जॉन रॉल्फ याने 1612 च्या सुमारास वेस्ट इंडिजकडील तंबाखूचे बी जेम्सटाउनजवळ लावून पाहिले. स्थानिक तंबाखू उग्र असल्याने लंडनमध्ये तिला गिऱ्हाईक नव्हते. हे वाण सौम्य होते. 1617 मध्ये सुमारे 20,000 पौंड, म्हणजे आपल्या मापाने जवळपास 90 क्विंटल तंबाखू इंग्लंडला गेली. आज मार्केट यार्डात शिरणाऱ्या एका ट्रकचा तो माल आहे. पण 1619 मध्ये उत्तम प्रतीचा दर पौंडाला तीन शिलिंग ठरवला गेला होता, आणि या दराने ज्याच्याकडे जमीन आणि हात होते तो दोन-तीन हंगामांत उभा राहू शकत होता. 1620 चे दशक संपेपर्यंत निर्यात दहा लाख पौंडांच्या वर गेली आणि दर कोसळून पौंडाला एक पेनीच्या घरात आला. दर पडला की शेतकरी अधिक क्षेत्र लावतो, आणि अधिक क्षेत्र लावले की दर आणखी पडतो. कांद्यात आपण हे दर दोन-चार वर्षांनी पाहतो. व्हर्जिनियात त्याचा परिणाम असा झाला, की नदीकाठची नवी जमीन सतत लागत गेली, कारण तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस काढून घेते.

आता कंपनीचा हिशेब पाहा. 1616 मध्ये भागीदारांना नफा वाटण्याची वेळ आली तेव्हा कंपनीच्या तिजोरीत पैसे नव्हते, म्हणून तिने भागामागे 50 एकर जमीन वाटायला सुरुवात केली. 1618 मध्ये तिने हेडराइट नावाची पद्धत आणली : जो स्वतःच्या खर्चाने येईल त्याला 50 एकर, आणि तो जितक्या माणसांचा जहाजखर्च भरेल तितक्या डोक्यांमागे आणखी 50 एकर. ताई, आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या एका नियमात दिसते. कंपनीला जी जमीन विकत घ्यावी लागली नव्हती, ती तिने चलनासारखी वापरली. ती जमीन मालकाविना पडलेली नव्हती. पॉव्हॅटन लोकांची मक्याची शेते, शिकारीची राने आणि मासेमारीच्या जागा तीत होत्या.

त्याचा जाब 22 मार्च 1622 रोजी मिळाला. पॉव्हॅटन नेता ओपेचनकॅनो याच्या नेतृत्वाखाली नदीकाठच्या वस्त्यांवर एकाच सकाळी हल्ले झाले आणि 347 इंग्रज मारले गेले. त्यानंतर इंग्रजांनी या लोकांना हुसकावणे हेच उघड धोरण केले. कंपनीचे दिवाळे मात्र टळले नाही. 1624 मध्ये तिची सनद रद्द होऊन व्हर्जिनिया थेट राजाच्या अखत्यारीत गेले. 1607 पासून तोवर सहा हजारांहून अधिक माणसे तेथे पाठवली गेली होती आणि 1624-25 च्या शिरगणतीत जेमतेम बाराशेच्या आसपास जिवंत सापडली. भागीदारांचे पैसे बुडाले, वसाहत मात्र राहिली. व्यापारी म्हणून मला ही गोष्ट फार विचार करायला लावते : ज्या संस्थेने हा उद्योग उभा केला ती त्यातून कमावू शकली नाही, पण तिने जमिनीचे जे वाटप सुरू केले ते तिच्यामागे चालूच राहिले.

दक्षिणकसबा

दोघांचेही मनापासून आभार. वृक्षवर्तुळांचा पुरावा मला ठाऊक नव्हता आणि तो मुलांना फार आवडेल. एक शंका आहे. पन्नास एकर मिळाले तरी तंबाखूची लावणी, खुडणी, वाळवणी कोण करत होते? आणि आजच्या मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथची वसाहत, जी नेहमी धर्मस्वातंत्र्याच्या संदर्भात सांगितली जाते, तीही याच चौकटीत बसते का?

उत्तर – होटगीरोड

शेतावरच्या माणसांबद्दल प्रथम थोडक्यात लिहितो. सतराव्या शतकात चेसापीक उपसागराच्या, म्हणजे व्हर्जिनियाच्या परिसरात आलेल्या इंग्रजांपैकी निम्म्याहून अधिक करारबद्ध नोकर होते. जहाजाचे भाडे मालकाने भरायचे आणि त्याच्या बदल्यात चार ते सात वर्षे बिनपगारी राबायचे, असा तो करार असे. मुदत संपण्याआधी अनेक जण तापाने मरत. ऑगस्ट 1619 च्या अखेरीस पॉइंट कम्फर्ट येथे ‘वीस आणि काही’ आफ्रिकी माणसे एका जहाजातून उतरवून धान्याच्या मोबदल्यात विकली गेली, आणि त्याच वर्षी, जुलैच्या 30 तारखेला, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये त्या भूमीतील इंग्रजांची पहिली प्रतिनिधी सभा भरली होती. या दोन घटनांत महिन्याभराचेच अंतर आहे, हे वर्गात सांगावे. पुढे 1662 मध्ये व्हर्जिनियाच्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला, म्हणजे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतः गुलाम झाले.

आता प्लिमथ. मेफ्लॉवर जहाजातील 102 प्रवाशांपैकी बरेच जण धर्मासाठी देश सोडून आले होते हे खरे. पण त्यांचा प्रवासखर्च लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने गुंतवणूक म्हणून दिला होता, आणि ते कर्ज बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी पाठवून फेडायला त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. तेव्हा आपण म्हणता त्या चौकटीत तेही बसतात.

मला अधिक लिहावेसे वाटते ते ‘ओसाड’ या शब्दाबद्दल. डिसेंबर 1620 मध्ये हे लोक जेथे उतरले तेथे त्यांना साफ केलेली शेते तयार मिळाली, पण माणसे नव्हती. त्या जागेचे नाव पटुक्सेट. 1616 ते 1619 या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावेच्या गावे संपली होती आणि पटुक्सेट त्यांपैकी एक होते. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा माणूस 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने पकडून स्पेनमध्ये विकायला नेला होता. तो तेथून सुटला, इंग्लंडला पोहोचला, 1619 मध्ये आपल्या गावी परतला, आणि त्याला तेथे एकही माणूस भेटला नाही. वर्षभराने त्याच गावाच्या जागेवर इंग्रजांनी घरे बांधली, आणि मका कसा पेरायचा, त्याला माशांचे खत कसे द्यायचे, हे त्यांना शिकवणारा माणूस तोच होता. पहिल्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी मरण पावले होते. मार्च 1621 मध्ये वाम्पानोआग प्रमुख मॅसासॉइट याच्याशी झालेला तह आणि टिस्क्वांटमची मदत नसती तर उरलेल्यांचेही तेच झाले असते. ज्या भूमीला मार्गदर्शिका ओसाड म्हणते तिची ही हकिकत आहे. हे वाक्य आपण मुलांना खोडायला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

1630 मध्ये जॉन विन्थ्रॉपबरोबर अकरा जहाजांतून सुमारे सातशे माणसे मॅसॅच्युसेट्सला आली, आणि त्या दशकात न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुमारे वीस हजार. विन्थ्रॉपच्या लोकांनी आपल्या मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची सनदच आपल्याबरोबर आणली, त्यामुळे भागीदारांची सभा लंडनऐवजी बॉस्टनमध्ये भरू लागली आणि कंपनी हेच तेथील सरकार झाले. शिवाय ही माणसे कुटुंबांसह आली होती. हवा थंड आणि पाणी चांगले असल्याने मुले जगली, आणि पुढची वाढ मुख्यतः जन्मांतून झाली. व्हर्जिनियात ती बराच काळ नव्या जहाजांवर अवलंबून राहिली. विन्थ्रॉपने जमिनीबाबत असा युक्तिवाद केला, की स्थानिकांनी तिला कुंपण घातलेले नाही आणि तिच्यावर कायमची गुरे ठेवलेली नाहीत, म्हणून ती कायद्याने रिकामी धरावी. आपल्याकडची गायराने आणि माळराने या न्यायाने कोणाची ठरली असती, याचा विचार मुलांना करू द्यावा.

उत्तर – साखरपेठ

सर्व उत्तरे मी काळजीपूर्वक वाचली. त्यांत एक मोठी उणीव आहे आणि ती आदरपूर्वक दाखवून देतो. इंग्रजांच्या सुरुवातीच्या वसाहतींचा विचार करताना आपण सगळे आजच्या अमेरिकेच्या नकाशावर बोट ठेवून बसलो आहोत. सतराव्या शतकातील लंडनच्या व्यापाऱ्याला विचारले असते, तर त्याने सर्वांत मोलाची वसाहत म्हणून बार्बाडोसचे नाव घेतले असते.

1624 मध्ये थॉमस वॉर्नरने सेंट किट्स बेटावर वस्ती केली, आणि 1627 मध्ये दुसऱ्या इंग्रजांनी बार्बाडोसवर. बार्बाडोसचे क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर आहे. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याहून ते लहान. आधी तंबाखू लावली, ती व्हर्जिनियाच्या तुलनेत हलकी निघाली; मग कापूस लावला; आणि 1640 च्या दशकात डचांच्या ताब्यातील ब्राझीलकडून ज्ञान आणि भांडवल मिळवून ऊस लावला. ऊस तोडल्यापासून एक-दोन दिवसांत गाळला नाही तर उतारा घटतो, हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून तेथे प्रत्येक मोठ्या शेतावर घाणा, काहिली आणि वाळवणीची कोठी उभी राहिली, आणि हंगामात घाणा रात्रंदिवस फिरू लागला. एवढे भांडवल लहान शेतकऱ्याला परवडेना. त्याची जमीन मोठ्या मालकाने घेतली. करारबद्ध इंग्रज नोकर पुरेनात आणि टिकेनात. मालकांनी आफ्रिकेतून माणसे विकत आणली. 1660 च्या दशकापर्यंत बेटावर आफ्रिकी गुलामांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली. 1661 मध्ये बार्बाडोसच्या सभेने गुलामांविषयीचा जो कायदा केला तो पुढे जमैका आणि दक्षिण कॅरोलायना यांनी नमुना म्हणून घेतला. कॅरोलायनाची वसाहतच 1670 मध्ये बऱ्याच अंशी बार्बाडोसहून आलेल्यांनी उभारली.

न्यू इंग्लंडही या बेटांवाचून उभे राहिले नसते. 1640 नंतर इंग्लंडमध्ये यादवी पेटली, नवी माणसे येणे थांबले, आणि नवागतांना गुरे व धान्य विकून चालणारा बॉस्टनचा बाजार एकदम पडला. तेव्हा त्यांनी खारवलेले मासे, लाकूड, घोडे आणि पिपांच्या फळ्या वेस्ट इंडिजला पाठवायला सुरुवात केली, कारण तेथील जमीनदार उसाशिवाय काही पिकवायला तयार नव्हते. धर्मासाठी आलेल्या शेतकऱ्याचा मासा गुलामाच्या ताटात जात होता. होटगीरोड यांनी न्यू इंग्लंडच्या वाढीचे श्रेय कुटुंबांना आणि हवापाण्याला दिले आहे. ते चुकीचे नाही, पण या व्यापारावाचून ते अपुरे आहे.

होटगीरोड

आपली सूचना मान्य आहे. 1640 च्या मंदीचा उल्लेख मी करायला हवा होता.

उत्तर – विजापूररोड

ठरल्याप्रमाणे सुरतेची बाजू लिहितो.

‘हिंदुस्थानात बलाढ्य राज्ये होती’ हे ताईंचे उत्तर चुकीचे नाही, पण त्याच्या आधी आणखी एक कारण येते. लंडनला हिंदुस्थानातून जे हवे होते ते येथे तयार मिळत होते. सुती कापड, नीळ, मिरी हा माल पिकवणारे आणि विणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या येथे होते, त्याची प्रतवारी करणारे दलाल होते, हुंडी लिहिणारे सावकार होते, बंदरापर्यंत नेणारे तांडे होते. इंग्रजांना फक्त चांदी आणून दारात उभे राहायचे होते, कारण त्यांच्या लोकरी कापडाला येथे फारशी मागणी नव्हती. व्हर्जिनियात तसा बाजार नव्हता, म्हणून निर्यातीचे पीक, ते काढणारी माणसे आणि त्यांना लागणारी जमीन, तिन्ही गोष्टी त्यांना बळाने उभ्या कराव्या लागल्या. ज्या शहरातल्या पेठा मागावर वाढल्या, तेथील मुलांना हा फरक आपल्या घरातूनच समजू शकेल.

त्यानंतर राज्यसत्तेचा मुद्दा येतो. 1608 मध्ये कंपनीचा कप्तान विल्यम हॉकिन्स सुरतेला उतरला. 1612 मध्ये सुरतेजवळ सुवालीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना मागे हटवल्यावर त्यांना वखारीची परवानगी मिळाली. 1615 ते 1619 या काळात जहांगिराच्या दरबारी राहिलेल्या सर थॉमस रो याने कंपनीला स्पष्ट कळवले, की किल्ले आणि जमिनीवरची युद्धे यांच्या नादी लागू नये; फायदा हवा असेल तर तो समुद्रावर आणि शांत व्यापारात शोधावा. याच वर्षांत जेम्सटाउनमध्ये पन्नास-पन्नास एकर वाटले जात होते. 1630 ते 1632 या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, विणकर देशोधडीला लागले आणि सुरतेच्या वखारीचा कापडाचा व्यापार बसला. कंपनी तेव्हा हात बांधून वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करू शकली नाही. त्याच वर्षांत बॉस्टनला जहाजामागून जहाज लागत होते.

बळ वापरून पाहण्याचा प्रयत्न कंपनीने येथेही केला. 1686 मध्ये तिने मोगलांशी युद्ध पुकारले. सिद्दीने मुंबईला वेढा घातला आणि 1690 मध्ये दीड लाख रुपये दंड भरून व माफी मागून तिला सुटका करून घ्यावी लागली. 1695 मध्ये एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने बादशहाचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले, तेव्हा सुरतेतील इंग्रजांना अटक झाली. त्या वेळी औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या माचणूरला होती. मुले तेथे सहलीला गेलेली असतील. सुरतेचे इंग्रज कैदेत राहतील की सुटतील हे जेथून ठरत होते ती छावणी त्या घाटाजवळ होती, आणि त्या दशकात व्हर्जिनियात पन्नास हजारांहून अधिक लोकवस्ती झालेली होती.

आता शेवटची गोष्ट. विद्यार्थिनीला ज्या दोन वाटा वेगळ्या दिसल्या त्या एका ठिकाणी कागदोपत्री एकत्र येतात, आणि ते ठिकाण मुंबई आहे. 1661 च्या विवाह-तहात पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली. ती ताब्यात घेण्यासाठी आलेले सुमारे चारशे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तिष्ठत राहिले आणि 1665 मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत त्यांपैकी शंभराच्या आसपासच उरले. जेम्सटाउनचा पहिला हिवाळा येथे वेगळ्या हवेत पुन्हा घडला. राजाला मुंबई डोईजड झाली आणि 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ती कंपनीला दिली. त्या सनदेत मुंबई कोणत्या हक्काने धारण करायची ते लिहिले आहे : केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीचा भाग समजून, लष्करी चाकरीच्या बंधनाशिवाय. 1606 च्या व्हर्जिनियाच्या सनदेत हीच अट, त्याच ईस्ट ग्रीनिचच्या नावाने आहे. कायद्याच्या भाषेत जेम्सटाउनची दलदल आणि मुंबईची बेटे थेम्स नदीकाठच्या एकाच जहागिरीत होती.

व्यवहारात मात्र मुंबईत व्हर्जिनिया घडू शकले नाही. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरला 1670 च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील जुन्या जमीनधारकांशी करार करावा लागला. त्यांनी वार्षिक ठरावीक रक्कम द्यायची आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरचा हक्क मान्य करायचा. इंग्रज कुटुंबे आणून वसवण्यापेक्षा वाणी, विणकर, आर्मेनियन आणि पारशी व्यापारी यांना बोलावण्यावर त्याने भर दिला.

दक्षिणकसबा

विजापूररोड सर, मार्केटयार्ड दादा, होटगीरोड आणि साखरपेठ, आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मी ऋणी आहे. आज वर्गात मार्गदर्शिकेतील ते वाक्य मुलांनी स्वतः खोडले आणि समासात ‘पटुक्सेट’ असे लिहिले. बार्बाडोसच्या उसावर दोन मुलांनी, ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, मी विचारण्याआधीच घाण्याचे काम रात्री का थांबवता येत नाही ते सांगितले.

ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता तिला ईस्ट ग्रीनिचचा भाग सर्वांत आवडला आणि तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला : मुंबई जर राजाच्या जहागिरीचा भाग, तर कंपनी राजाला खंड किती देत होती?

विजापूररोड

वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर 30 सप्टेंबरला.